पडद्यावरचा बोरघाट

मुलांच्या खेळाकडे वडील माणसांचें लक्ष बहुधा दोनच प्रसंगीं जातें. खेळाचा गोंगाट फार झाला म्हणजे, किंवा परीक्षेचा निकाल हातीं आला म्हणजे. आमच्या घरीं गेल्या वर्षीं हा दुसरा प्रसंग आला. धाकट्या पुतण्याला गणितांत अपेक्षेपेक्षां बरेच कमी गुण मिळाले, आणि वहिनींनीं त्याचें सारें खापर संगणकावर फोडलें. “दिवसरात्र आगगाडी आगगाडी करीत बसतो, गणित येणार कोठून?” ही त्यांची तक्रार. मी पेशानें शिक्षक. तेव्हां मुलगा तेथें बसून खरोखर काय करतो हें मीं पाहावें, आणि संगणक ठेवावा कीं माळ्यावर टाकावा याचा निकाल मींच द्यावा, असें घरांत ठरलें. न्यायाधीश होऊन मी त्याच्या खोलींत गेलों तो विद्यार्थी होऊन बाहेर आलों. ती हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें कारण हेंच कीं, अशी फिर्याद आज पुष्कळ घरीं चालू असेल.

आगगाडीचें सिम्युलेटर म्हणजे नुसता चित्रांचा खेळ नव्हे. गाडीचें वजन, इंजिनाची ओढ, ब्रेकची पकड, मार्गाचे चढउतार आणि वळणें यांचा हिशेब संगणक क्षणोक्षणीं करीत असतो, आणि त्या हिशेबाप्रमाणें पडद्यावरील गाडी चालते, रेंगाळते किंवा आवरेनाशी होते. चालकांना शिक्षण देण्यासाठीं रेल्वेदेखील अशा यंत्रांचा उपयोग करते. हौशी लोकांसाठीं २००१ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘ट्रेन सिम्युलेटर’ काढलें. त्यांत अमेरिकेंतील मरायस खिंडीचा, ऑस्ट्रियांत इन्सब्रुकहून आल्प्स पर्वतांत चढत जाणारा आणि जपानांत क्यूशू बेटावरील हिसात्सु असे डोंगरी मार्ग होते. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, स्वतःचा मार्ग रचण्याचीं साधनेंही त्याच पेटींत दिलेलीं होतीं. पुढें कंपनीनें तिकडे पाठ फिरविली, तरी हौशी मंडळींनीं ‘ओपन रेल्स’ नांवाचा मोफत कार्यक्रम तयार करून ती परंपरा चालू ठेविली. आमच्या चिरंजीवांनीं याच साधनांनीं बोरघाट बांधावयास घेतला होता. कर्जत ते लोणावळें, अंतर अठ्ठावीस किलोमीटर.

मीं प्रथम पाहिला तेव्हां तो घाट मला सुरेख वाटला. हिरवे डोंगर, निळें आकाश, आणि डोंगरांतून नागमोडी जाणारे रूळ. डोंगरावरचे वृक्ष मात्र परदेशी सुईपानांचे होते. विचारतां, “तयार झाडें तींच मिळालीं,” असें उत्तर आलें. मी संतुष्ट होऊन परतणार, तोंच मुलाला वाटलें कीं तात्याआजोबांनाही बोलवावें.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांची सारी नोकरी रेल्वेंत, आणि तिच्यांतील बरीच वर्षें कर्जतच्या बँकर इंजिनांवर गेलीं. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देण्यासाठीं जीं इंजिनें जोडतात त्यांना बँकर म्हणतात, हें पुण्यामुंबईच्या प्रवाशांना सांगावयास नकोच. आतां त्यांचें वय पंचाऐंशीच्या घरांत असून दृष्टि अधू झाली आहे. ते खुर्चींत बसले, पडद्याजवळ तोंड नेऊन पांच मिनिटें स्वस्थ राहिले, आणि म्हणाले, “बाळ, चित्र छान आहे. पण हा घाट नव्हे. हा झोंपाळा आहे. तुझी गाडी घटकेंत डोकें वर करते, घटकेंत खालीं. घाटांत गाडी चढते म्हणजे चढतेच. मध्येंच उतरत नाहीं.”

मुलगा हिरमुसला. मलाही तें थोडें कठोर वाटलें. पण तात्यांनीं चूक नेमकी पकडली होती.

आधीं चढ, मग डोंगर

मुलानें काय केलें होतें? डोंगरांची उंची त्यानें अवकाशांतून घेतलेल्या मोजणीवरून घेतली होती. २००० सालच्या फेब्रुवारींत ‘एंडेव्हर’ या अवकाशयानानें अकरा दिवस पृथ्वीभोंवतीं फेऱ्या घालून रडारच्या साहाय्यानें भूपृष्ठाच्या बहुतेक भागाची उंची टिपली. त्या मोजणीचे सुमारें तीस तीस मीटरांवरील बिंदूंचे आंकडे आज कोणालाही विनामूल्य मिळतात. संगणकानें त्या आंकड्यांवरून सह्याद्रीचा कडा उभा केला, आणि मुलानें त्या जमिनीवर रूळ अंथरले. जमीन जशी वरखालीं, तसे रूळही वरखालीं झाले.

आतां यांतील गणित पाहा. बोरघाटांतील सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा आहे; म्हणजे सदतीस मीटर पुढें गेल्यावर गाडी एक मीटर वर जाते. या हिशेबानें तीस मीटरांत रूळ अवघा ८१ सेंटिमीटर चढतो. उलट, अवकाशांतून मोजलेल्या दोन शेजारच्या बिंदूंच्या उंचींत तीन मीटरांची चूक पडली, आणि झाडीनें भरलेल्या दऱ्यांत ती सहज पडते, तर तेथें १० स १ असा चढ उत्पन्न होतो. असल्या चढावर साधी आगगाडी चढूंच शकणार नाहीं. जी मोजणी डोंगर ओळखण्यास पुरेशी, ती रूळ घालण्यास मुळींच पुरेशी नव्हे.

३७ स १ हा चढ डोळ्यांना फारसा दिसतही नाहीं. पण इंजिनाला तो दिसतो. सपाटीवर टनामागें दोनचार किलोची ओढ लागत असेल, तर या चढावर टनामागें आणखी सत्तावीस किलो लागते. हजार टनांची गाडी असेल तर पृथ्वी तिला सत्तावीस टनांच्या जोरानें मागें खेंचीत असते. म्हणूनच कर्जतला गाडी थांबते आणि मागें बँकर लागतात. ज्याच्या पडद्यावरील घाटांत हा चढ खरा नाहीं, त्याच्या डोंगरांना कितीही सुंदर रंग दिला तरी त्याचा घाट खोटाच.

“मग करूं काय?” मुलानें विचारलें. तात्या म्हणाले, “साहेबानें केलें तें. आधीं चढ ठरव. डोंगर मागाहून काप.”

हा साहेब म्हणजे जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धांवली. पण ती गाडी देशावर न्यावयाची तर सह्याद्रि आडवा होता. १८५६ च्या आरंभीं बोरघाटाच्या कामास हात लागला व १८६३ सालीं घाट वाहतुकीस खुला झाला. जवळजवळ सोळा मैलांत १८३१ फूट चढावयाचे, वाटेंत पंचवीस बोगदे. सरासरी चढ ४६ स १, आणि तीव्रांत तीव्र ३७ स १. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे त्या लोकांचें कौशल्य ध्यानांत येतें. सरासरी आणि कमाल यांत अंतर किती थोडें! म्हणजे डोंगराचा आकार कसाही असो, चढाचें ओझें सोळा मैलांवर होतां होईल तों सारखें वांटून दिलेलें आहे. घाट बांधणें म्हणजे डोंगरावर रूळ घालणें नव्हे. चढ वांटून घेणें होय.

तात्यांनीं आपल्या जुन्या पेटींतून एक वही काढून दिली. उमेदवारीच्या दिवसांत मार्ग पाठ करण्यासाठीं त्यांनीं रुळांच्या कडेच्या खांबांवरील चढाचे आंकडे अंतरांसह त्या वहींत उतरून घेतले होते. मुलानें सारा मार्ग मोडला आणि त्या वहीबरहुकूम पुन्हां आरंभिला. इतक्या अंतरापर्यंत इतका चढ, मग स्थानकाजवळ थोडी सपाटी, मग पुन्हां चढ. दोन चढ जेथें मिळतात तेथें एकदम कोपरा न ठेवतां हळूच वांकविलेली रेषा. नाहीं तर पडद्यावरील डबेदेखील धक्का खातात. वळणावर चाकें रुळांना घांसतात व ओढ वाढते, म्हणून तीव्र वळणाच्या जागीं चढ किंचित् कमी. ही रेषा हवेंत पुरी झाल्यावर मग त्यानें जमिनीला हात घातला. जमीन रेषेच्या वर असेल तेथें खोदाई. फारच वर असेल तेथें बोगदा. जमीन खालीं असेल तेथें भराव. फारच खालीं असेल तेथें कमानींचा पूल.

लोणावळ्याला पोहोंचल्यावर मात्र घोटाळा झाला. त्याचे रूळ स्थानकाच्या खऱ्या उंचीहून सुमारें सहा मीटर खालीं राहिले. दोन रात्री तो चूक शोधीत होता. शेवटीं प्रत्येक तुकड्याचें अंतर व चढ यांचा भागाकार करून सारी बेरीज कागदावर मांडावयास मीं सांगितलें, तेव्हां चूक सांपडली. एका किलोमीटराच्या तुकड्यावर ‘३७’ च्या जागीं त्यानें ‘४८’ वाचलें होतें. त्यामुळें सत्तावीस मीटरांऐवजीं रूळ अवघे एकवीस मीटर चढले होते. अपूर्णांकांचा कंटाळा करणाऱ्या या मुलानें त्या दोन दिवसांत जितके अपूर्णांक सोडविले तितके शाळेच्या वर्षभरांत सोडविले नसतील.

चूक सुधारल्यावर मात्र एक चमत्कार दिसला. चढ बरोबर बसतांच बोगदे आपोआप आपापल्या जागीं येऊं लागले. आमची रेषा ज्या ज्या जागीं डोंगराच्या पोटांत शिरली, त्या त्या जागीं नकाशावर बोगदा होताच. बर्कलेसाहेबांना ज्या कारणासाठीं तेथें सुरुंग लावावे लागले, तेंच कारण दीडशें वर्षांनंतर एका मुलाच्या संगणकाला आड आलें होतें. इतिहास पाठ करणें आणि इतिहासाचें कारण हातानें चांचपून पाहणें यांतील अंतर मला त्या दिवशीं कळलें.

दगड, पाणी आणि झाडें

यानंतर डोंगराचें काम. यांतही अडचणी पुष्कळ. संगणकाची जमीन एखाद्या चादरीसारखी असते. प्रत्येक बिंदूला एकच उंची, त्यामुळें चादर उंचसखल होईल, पण सरळ उभा कडा किंवा पुढें आलेला खडक तिच्यांत साधत नाहीं. शिवाय चादरीला भोंक पाडल्यावांचून बोगदाही होत नाहीं. म्हणून कड्यांचे व बोगद्यांच्या तोंडांचे आकार वेगळे घडवून जागच्या जागीं बसवावे लागतात. सह्याद्रीचा खडक लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. म्हणून आपला कडा आडव्या पट्ट्यांचा व पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. आल्प्समधील खडकाचें चित्र त्याला डकविलें तर कोणाही मराठी माणसाला तें खटकेल, मग कां खटकलें हें त्याला सांगतां येवो न येवो.

सुईपानी वृक्ष गेले आणि त्यांच्या जागीं जांभूळ, हिरडा, अंजन, उतारांवर कारवी आलीं. ऋतूचाही प्रश्न होता. वैशाखांतील घाट पिवळा आणि आषाढांतील घाट हिरवा, इतकाच फरक असता तर काम सोपें होतें. पण आषाढांत रूळ ओले होतात, चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात, रुळांवर वाळू सोडावी लागते. धुक्यांत सिग्नल शंभर पावलांवर येईपर्यंत दिसत नाहीं. कड्यांवरून दगड सुटतात, म्हणून पावसाळ्यापूर्वीं सैल दगड हुडकून पाडणाऱ्या टोळ्या दोरांनीं कड्यावर उतरतात. हें सर्व पडद्यावर आणतां येत नाहीं. पण आणतां येत नाहीं हें माहीत असणें आणि त्याचा पत्ताच नसणें यांत फरक आहे.

उताराची गोष्ट

मार्ग पुरा झाला. तात्यांनीं पुन्हां खुर्ची घेतली. चढतांना ते प्रसन्न दिसले. “आतां ओझें कळतें,” म्हणाले. मग लोणावळ्याहून मालगाडी खालीं आणावयाची होती. ती सरळ, बिनबोभाट कर्जतला उतरली. तात्या बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “कॅच सायडिंग कोठें आहे?”

मुलगा म्हणाला, “तीं ठेवलीं नाहींत, आजोबा. त्यांवर गाडी कधीं जातच नाहीं ना!”

वाचकांसाठीं थोडा खुलासा करतों. घाट उतरतांना खरें भय चढाचें नसून उताराचें असतें. जी पृथ्वी चढतांना गाडीला मागें ओढते, तीच उतरतांना तिला पुढें ढकलते. ब्रेक सुटला किंवा पकड ढिली पडली, तर गाडीचा वेग वाढतच जातो. यासाठीं घाटांत ठिकठिकाणीं मुख्य मार्गाला फांटा फोडून तो डोंगराच्या अंगावर वर चढविलेला असतो. त्याचेंच नांव कॅच सायडिंग. सांधे नेहमीं या फांट्याकडे लावलेले असतात. उतरणाऱ्या गाडीनें तेथें थांबून, आपण काबूंत आहों हें दाखविलें, म्हणजे मगच सांधे मुख्य मार्गाला जुळतात. जी थांबूं शकली नाहीं ती फांट्यावर चढते आणि चढावरच तिचा वेग मरतो. आगगाडीच्या सर्व व्यवस्थेंत ही एक व्यवस्था अशी कीं, जी माणसाच्या चुकीवर विश्वास ठेवून बांधलेली आहे.

तात्या म्हणाले, “जात नाहीं असें नव्हे, बाळ. मी गेलों आहें.”

घरांतील आम्हां कोणालाही ही गोष्ट ठाऊक नव्हती. काकूंनाही नव्हती. श्रावणांतील एक रात्र, मालगाडी, रूळ ओले. ते त्या वेळीं सहाय्यक होते. थांबावयाच्या जागीं गाडी थांबेना. मुख्य चालकांनीं जें करावयाचें तें सर्व केलें, आणि मग नुसतें म्हटलें, “धर घट्ट.” सांधे फांट्याकडे होते, तसेच राहिले, गाडी वर चढली, मंदावली, आणि उभी राहिली. कोणाला इजा झाली नाहीं. खालीं उतरल्यावर दोघांनीं शिट्टीवाल्या गार्डाला हांक मारली आणि तो उत्तर देईपर्यंत जी दोन मिनिटें गेलीं, तीं आपण अजून मोजतों, असें तात्या म्हणाले. “घरीं काय सांगावयाचें? दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच घाटांत जावयाचें होतें. सांगितलें असतें तर तुझ्या पणजीनें डबा भरून दिला नसता.”

खोलींत वहिनीही येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या कांहीं न बोलतां चहा ठेवावयास गेल्या. मुलानें त्याच रात्रीं सांध्यांचें काम हातीं घेतलें.

कोणत्या सालचा घाट?

एवढ्यानें काम संपलें नाहीं. कारण घाट एक नाहीं, काळपरत्वें तीन आहेत. १८६३ च्या घाटांत खंडाळ्याजवळ ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतें. डोंगराच्या सोंडेवर वळावयास जागा नव्हती, म्हणून गाडी एका फांट्यावर येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोंकाला जोडलें जाई, आणि गाडी उलट्या तोंडानें पुढला चढ चढे. १९२९ सालीं नवा मार्ग व नवे बोगदे होऊन हें स्थानक गेलें. त्याच सुमारास विजेचीं इंजिनें आलीं. ज्यांना चालक लोक ‘खेकडा’ म्हणत तीं मालगाडीचीं इंजिनें उतरतांना आपणच वीज उत्पन्न करून तारेंत परत देत. १९३० च्या १ जूनला दख्खनची राणी धांवूं लागली. पुढें तिसरा रूळ पडला, विजेची पद्धतही बदलली. पडद्यावर घाट बांधणाराला यांतील एक साल निवडावें लागतें. १८६३ चें स्थानक आणि आजचें इंजिन एकत्र आणलें तर तो घाट कोणत्याच काळचा राहत नाहीं. मुलानें तात्यांच्या नोकरीचा काळ निवडला.

पण जुन्या घाटाचा विचार मनांतून जात नाहीं. वर सांगितलेल्या हिसात्सु मार्गाचा मोठा भाग २०२० च्या जुलैंतील महापुरानें बंद पडला. परंतु २००१ च्या त्या जुन्या खेळांत त्यावरील गाड्या अजून चालतात. कोणी मन लावून बांधील तर आपलें रिव्हर्सिंग स्टेशनही असेंच पुन्हां उभें राहील. जुन्या घाटाचें स्मरण करावयाचें तर तें पुरतें करावें. कामाच्या भरांत घाटावर चाळीस हजारांहून अधिक मजूर एका वेळीं राबत होते, आणि पटकीनें व ज्वरानें त्यांतील किती मेले याची नांवनिशी कोणीं ठेवली नाहीं. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आले आणि थोड्याच दिवसांत वारले; त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं मक्ता न सोडतां अनुभवी इंजिनियरांच्या हातून तो तडीस नेला. १८६७ सालीं घाटांतील एक मोठा कमानींचा पूल ढासळला, कारण बांधकाम कच्चें होतें. पडद्यावरील पूल कच्चा असला तर ढासळत नाहीं. म्हणूनच तेथें प्रामाणिकपणाची जबाबदारी बांधणारावर अधिक येते. खोटें काम उघडें पाडावयास तेथें पाऊस येत नाहीं.

गेल्या महिन्यांत घाट सर्व पुरा झाला. तात्यांना आतां पडदा नीट दिसत नाहीं. ते डोळे मिटून बसले. मुलानें लोणावळ्याहून मालगाडी सोडली. बोगद्यांत आवाज कोंडे, बाहेर मोकळा होई. “हें मंकी हिल,” तात्या म्हणाले, कांहीं वेळानें, “आतां ठाकूरवाडी येईल, ब्रेक घे.” मुलानें ब्रेक घेतला. गाडी कॅच सायडिंगच्या अलीकडे उभी राहिली. सांधे वळले, आणि मगच ती पुढें निघाली. तात्यांचा हात इतका वेळ खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता, तो सैल झाला.

माझ्या निकालाविषयीं वाचकांना उत्सुकता असेल. संगणक माळ्यावर गेला नाहीं. जेवणाच्या वेळीं आणि परीक्षेच्या आठवड्यांत मात्र तो बंद राहील, असा तह झाला. गणिताचे गुण थोडे वाढले, फार नव्हेत. पण मुलाला एक गोष्ट कळली कीं, जें पडद्यावर दिसत नाहीं तेंच आधीं खरें असावें लागतें. आणि मला कळलें तें असें: तात्यांच्या पेटींतील वही साठ वर्षें आमच्याच घरांत होती, आणि ती मागावयास एक खेळ यावा लागला. वाचकांच्या घरींही अशा पेट्या असतील. त्या उघडण्यास खेळाची वाट कशाला पाहावी?